कारण न लिहिलेला थांबा

रविवार, २ नोव्हेंबर

वेइक्कोची मेल आली आणि मी तशीच स्वयंपाकघरात धावत जाऊन आईला उचललं. म्हणजे, उचलायला गेले. आई म्हणाली, "सोड बये! कंबर तुझी मोडणार आणि तेल मी चोळत बसणार."

मेल इतकीच: "मी सत्तरीचा झालो. मेमरी चिपच्या ड्रायव्हरांची राखण अठरा वर्षं केली, आता मासे मारणार. नवी आवृत्ती ३० तारखेला बाहेर पडेल. तोवर येणारे बदल तू तपास, मी नुसता बघतो. नीट पार पडलं तर पुढची राखण तुझी." वेइक्को फिनलंडमधल्या कुठल्याशा तळ्याकाठी राहतो. सहा वर्षं आम्ही एकमेकांना लिहितोय, तोंड पाहिलेलं नाही.

राखणदारांची एक फाईल असते. जगभरचे लोक मिळून फुकट लिहितात त्या आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कुठला भाग कोण सांभाळतं ते त्यात लिहिलेलं असतं. त्या फाईलमध्ये आमच्या स्फाक्स शहरातलं एकही नाव नाही. मी तीनदा शोधलंय.

आईने विचारलं, "पगार किती?"

"पगार नसतो."

"सुट्टी?"

"तीही नाही."

"मग मला कशाला उचलत होतीस?"

मग तिला समजावलं. मेमरी चिप म्हणजे तेलाच्या बरण्यांची कोठी. ड्रायव्हर म्हणजे कोठीवाला. काही बरण्या कारखान्यातूनच तडा गेलेल्या येतात, त्यांच्यावर खडूची फुली असते. कोठीवाला फुली बघतो आणि त्यात तेल भरत नाही. पुढेमागे एखादी गळकी निघाली तर तो स्वतःही फुली मारतो.

"आणि तू काय करतेस?"

"कोठीवाल्याच्या कामात कुणी बदल सुचवला तर तो बरोबर आहे का ते मी बघते."

"म्हणजे सासू," आई म्हणाली आणि कांदे चिरायला लागली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पहिला बदल आला, आणि कुठून यावा? जगभरचे लोक लिहितात त्या मेल-ग्रुपवर पहिला माणूस निघाला आमच्याच शहराबाहेर, आगारेब गावाच्या वाटेवरच्या ऑलिव्हच्या तेलघाण्यातला! फेर्जानी गरगूरी. घाण्यावरच्या बत्तीस टाक्यांचे बोर्ड तोच दुरुस्त करतो. त्या बोर्डांवरची चिप आपल्या ड्रायव्हरला ओळखू येत नाही. दर नव्या आवृत्तीला त्याला बत्तीसही बोर्डांवर स्वतःचा बदल हाताने बसवावा लागतो. तो मुख्य सिस्टिममध्येच गेला तर त्याची कटकट कायमची मिटेल.

एकशे चाळीस ओळी. मी फक्त तेवीस शेरे मारले. इन्स्टिट्यूटमधल्या पोरांना मी याहून जास्त मारते, तेव्हा हात राखूनच होते.

एक शेरा मात्र खणखणीत जमला. चिपला वीज मिळाल्यावर त्याने मध्येच एक थांबा घातलाय. सेकंदाचा पन्नासावा भाग नुसतं बसून राहायचं. का, ते एका अक्षराने लिहिलेलं नाही. मी लिहिलं: "कारण न लिहिलेला थांबा म्हणजे आळस. चिप तयार आहे की नाही हे चिपच सांगते, तिला विचारा. ही ओळ काढा."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गरगूरींचं उत्तर आलं. तेवीस शेऱ्यांबद्दल तेवीसदा आभार. असा नम्र माणूस मी मेल-ग्रुपवर पाहिला नाही. तिथे लोक एका स्वल्पविरामावरून एकमेकांची सात पिढ्यांची पूजा बांधतात.

थांब्याबद्दल लिहिलंय: "ओल्फाबाई, तुम्ही म्हणता तर काढतो. घाण्यावर सकाळी बोर्ड चालू करताना मला त्याची सवय झाली आहे, एवढंच."

मी कळवलं, "सवय हे कारण नव्हे." हे वाक्य मी वर्गातही वापरणार आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज कुसकुस मी केलं. माशाचा रस्सा उत्तम झाला होता. रवा एकदा वाफवल्यावर पाणी शिंपडून झाकून ठेवायचा आणि मग दुसऱ्यांदा वाफवायचा असतो. मला घाई होती, गरगूरींच्या सुधारलेल्या बदलाची तिसरी खेप यायची होती. मधलं झाकून ठेवणं मी वगळलं. त्या वेळात कुणी काही करत नाही, रवा नुसता पडून असतो.

गोळे झाले. आईने एक गोळा चमच्यावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "मांजराला खेळायला बरा आहे."

माझं म्हणणं, रवाच जुना होता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चौथी खेप आली. थांबा गेलाय, ओळी सरळ झाल्यात, वाचायला सुरेख. सोबत पुन्हा नम्रपणे एक ओळ: "थांबा काढला आहे. सकाळच्या वेळी तेवढं आपण एकदा पाहिलंत तर बरं होईल." आता सकाळी आणि दुपारी चिप वेगळी वागते होय? म्हातारी माणसं.

तरी मी जबाबदार बाई आहे. त्यांनी मागे पाठवलेला नमुन्याचा बोर्ड माझ्या टेबलावर चालू आहे. एक तार मीच डाख लावून जोडलीये, जरा लळत लोंबत आहे, म्हणून बोर्ड मी कधी बंदच करत नाही. शेजारी कागद चिकटवलाय: "हात लावू नये." कीबोर्डवरून दोनशे वेळा रीस्टार्ट केला. एकही चूक नाही.

वेइक्कोने विचारलं, "कसं तपासलंस?" मी म्हटलं, "दोनशे रीस्टार्ट." तो म्हणाला, "बरं." वेइक्कोकडून "बरं" म्हणजे आमच्याकडे ढोलताशे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पाचव्या खेपेवर मी ती ओळ लिहिली: "तपासलं: ओल्फा शाबूनी." वेइक्कोने बदल घेतला. झालं!

संध्याकाळी आगारेबहून येणाऱ्या लुआजवाल्याने, म्हणजे शेअर टॅक्सीवाल्याने, दारात पाच लिटरचा डबा ठेवला. यंदाचं पहिलं तेल, हिरवंगार. चिठ्ठी: "बाई, तुमच्यामुळे मी पुष्कळ शिकलो. फेर्जानी." ही लाच तर नव्हे? विचार केला. सही आधी झाली आणि तेल नंतर आलं, म्हणजे नव्हे. आईने तोवर पाव बुडवून खाल्लाही होता.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आईने बोर्डाचा प्लग ओढला!

हरिसा, म्हणजे मिरचीची चटणी, वाटायला मिक्सर लावायचा होता म्हणे. स्वयंपाकघरातली दोन सोडून तिला माझ्या टेबलाचंच सॉकेट सापडलं. "कागद दिसला नाही का?" तर "चष्मा नव्हता." परत लावल्यावर सहा कप्प्यांवर फुली. काल एकही नव्हती. सहा चांगल्या बरण्या, एका झटक्यात बाद.

मी फार बोलले. आई म्हणाली, "सहा बरण्यांसाठी आईला इतकं बोलतात? मी तुला बारा घेऊन देते."

रविवार, २३ नोव्हेंबर

पुन्हा ओढला. उरलेल्या मिरच्या. आता अकरा फुल्या.

मी दोन तास आईशी बोलले नाही. तिच्या लक्षातही आलं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

काल तिसऱ्यांदा, या खेपेला इस्त्रीसाठी. सतरा फुल्या. चिप आईच्या हातून मेली म्हणायची. मी गरगूरींना लिहिलं, दुसरा बोर्ड पाठवा, हा घरगुती कारणाने बिघडला. त्यांनी लगेच लुआजने पाठवला. सोबत विचारलंय: "बाई, आधीचा बोर्ड सकाळी चालू करताना बिघडला का?" काय एकेक प्रश्न! माझ्या घरात बोर्ड बिघडायला सकाळ लागत नाही, आई पुरते.

नव्या बोर्डावर आपली नवी सिस्टिम घालून वीज दिली, तर आल्याआल्याच पाच फुल्या. म्हणजे मला भंगार पाठवलंय! इतका सज्जन माणूस, आणि हे असं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

बाई गं.

बाई गं, बाई गं, बाई गं.

नीट लिहिते. दुपारी मावशी जेवायला येणार म्हणून आईने कुसकुस घातलं. रवा एकदा वाफवून, पाणी शिंपडून तिने झाकला आणि खुशाल खुर्चीत बसली. मी म्हटलं, "चढव की परत, कशाची वाट बघतेस? आत काय काम चाललंय?"

आई म्हणाली, "त्याचं चाललंय. तुझं नसेल."

मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले.

चिप! वीज आल्यावर चिप "तयार आहे" म्हणते खरी, पण आतून तयार नसते. तिला क्षणभर पडून राहू द्यायला हवं. ते न देता ड्रायव्हर फुल्या बघायला गेला तर त्याला कचरा दिसतो, चांगली बरणीही फुटकी वाटते, आणि तो बापडा तिच्यावर नवी फुली मारून मोकळा. एकदा मारलेली फुली पुढे सगळे मानतात. माझ्या दोनशे रीस्टार्टांत वीज एकदाही गेली नव्हती. चिप दोनशेही वेळा जागीच होती! घाण्यावर मात्र रोज संध्याकाळी मुख्य बटण बंद करतात आणि रोज सकाळी चालू. सकाळी. अगं सकाळी, ओल्फा! माणूस दोनदा सांगत होता.

ती ओळ परत घातली. खोट्या फुल्या पुसल्या, जीव गेला पुसताना. मग आईला हाक मारली, "ये, ओढ प्लग."

"मी? परत बोलशील."

"ओढ गं!"

आईने ओढला. मी लावला. शून्य. तिने पुन्हा ओढला. शून्य. तीस वेळा. दहाव्यापासून आई मोजायला लागली, विसाव्यापासून प्रत्येक शून्याला जीभ उडवून लग्नातल्यासारखा झगरूत घालायला लागली. मावशी आली तेव्हा दारात थबकून म्हणाली, "ठरलं का पोरीचं?"

आईची माफी मागितली. ती म्हणाली, "बारा बरण्या द्यायच्या राहिल्यात माझ्या."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

रविवारी आवृत्ती बाहेर पडणार. चुकीसकट गेली तर ही चिप असलेल्या प्रत्येक यंत्राची कोठी रोज सकाळी थोडी थोडी बाद होईल. दुरुस्ती पाठवायचीच, यात प्रश्न नाही. प्रश्न दुसराच आहे आणि तो लिहायला लाज वाटते.

आमच्यात रीत आहे. दुरुस्ती पाठवताना चूक कुठल्या बदलातून शिरली ते नमूद करायचं. तो बदल गरगूरींचा. म्हणजे मी रीतीप्रमाणे निमूट दुरुस्ती पाठवली तर सगळं जग वाचेल: गरगूरीने घोळ घातला, ओल्फाने शोधला आणि वेळेत वाचवला. मी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नसेल. वर वेइक्को खूश आणि फाईलमध्ये माझं नाव.

खरं लिहिलं तर? "नुसता बघतो" म्हणालाय तो. पहिल्याच बदलात मी बरोबर ओळ काढून चुकीची ठेवायला लावली, हे कळल्यावर अठरा वर्षांची राखण कोण माझ्या हातात देईल?

आणि त्यांनी कारण लिहायला हवं होतंच ना? हवंच होतं. तेवढं माझं बरोबर आहे.

त्या "तेवढ्या"वर मी दिवसभर बसून आहे. वर्गात एका पोराने विचारलं, "बाई, तुम्हाला बरं नाहीये का?"

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी इन्स्टिट्यूटला जायच्या आधी पाठवली. दुरुस्तीखाली लिहिलं: "लेखकाने पहिल्या खेपेत हा थांबा ठेवला होता. तो काढायला मी लावलं. त्यांनी दोनदा सावध केलं, मी ऐकलं नाही. वीज पूर्ण तोडून मी एकदाही तपासलं नव्हतं. चूक माझी. वीज तोडून तपासलं: माझी आई, तीस वेळा."

वेइक्कोचं उत्तर अकरा मिनिटांत आलं. "घेतली." बस्स. नावाबद्दल अवाक्षर नाही. नकोच असेल आता त्याला.

तरी जेवण गेलं. दोनदा वाढून घेतलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

घाण्यावर गेले. ती पाचवी खेप त्यांच्या बोर्डांवर दोन आठवडे चालली असणार, म्हणजे बत्तीस बोर्डांवर किती फुल्या पडल्या असतील याचा हिशोब मी लुआजमध्ये वाटभर करत होते.

गरगूरी साठीच्या पुढचे, बुटके, निळा डगला कोपरापर्यंत तेलकट. बाहेर ऑलिव्हने भरलेल्या ट्रकांची रांग, आत यंत्रांचा असा गोंगाट की बोलायचं तर ओरडूनच. मी ओरडले, "मी ओल्फा शाबूनी!" त्यांनी आधी हात पुसले, मग डगला नीट केला आणि मग थेट पाव आणायला गेले.

ताटलीत यंत्रातून नुकतंच आलेलं तेल ओतलं. "आधी खा. रिकाम्या पोटी कुणावर रागवू नये."

"मी रागवायला नाही, माफी मागायला आलेय."

"मग तर खाच. त्याला जास्त ताकद लागते."

खाल्लं. घशात ते तेल असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तेलामुळेच असं मी त्यांना सांगितलं. मग विचारलं, "किती बोर्ड गेले?"

"कुठले बोर्ड?"

"काका, तुमचे! बत्तीस!"

ते ओशाळले. इकडेतिकडे बघितलं. "एकही नाही गेला."

"असं कसं होईल?"

"पाचवी खेप मी तुम्हाला पाठवली," ते म्हणाले. "इथे पहिलीच चालते. ती ओळ मी काढलीच नाही."

मी पाव खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"तो थांबा सापडायला मला पाच सकाळी आणि दोन बोर्ड लागले, बाई."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. दोनदा."

"नीट का नाही सांगितलं? ओल्फा, तू चुकतेस, असं?"

काका खरंच दचकले. "शिकलेल्या बाईला, परक्याच्या लेकीला, चारचौघांत? मला वाटलं, हिला काहीतरी ठाऊक असेल जे मला नाही."

"आणि मला वाटलं, तुम्हाला काहीच ठाऊक नाही."

यावर ते इतके हसले की ताटली कलंडली. डगल्यावर थोडं अजून तेल, काही फरक पडला नाही. मीही हसले. काल मी ग्रुपवर काय लिहिलं ते त्यांनी वाचलं होतं. त्याबद्दल एवढंच म्हणाले, "तुमच्या आईला सलाम सांगा. तपासनीस उत्तम आहे."

निघताना मी म्हटलं, "काका, त्या ओळीवर कारण लिहून पाठवा." रात्रपाळीच्या आधी पाठवलंच त्यांनी. आठ ओळी. पाच सकाळी, दोन बोर्ड, सगळं त्यात आहे. एका ठिकाणी पूर्णविराम राहिलाय. मी शेरा मारला नाही. हात शिवशिवला, पण नाही मारला.

रविवार, ३० नोव्हेंबर

आवृत्ती बाहेर पडली. थांबा आत आहे, कारणासकट.

फाईल उघडली. माझं नाव नाही. ठीक आहे. आईने विचारलं नाही, नुसता माझ्यापुढे बसीसाचा वाडगा ठेवला, भाजलेल्या पिठाचा, वर मध जरा जास्तच.

सोमवार, १ डिसेंबर

वेइक्को: "कुठे आहे तुझा बदल?"

मी: "कुठला?"

वेइक्को: "राखणदारांच्या फाईलचा. ज्याचं नाव त्यानेच घालून पाठवायचं असतं, दुसरं कुणी घालत नाही. मी महिनाभर वाट बघतोय. बर्फ पडायला लागलं."

मी: "पण माझी चूक?"

वेइक्को: "दुरुस्त झाली ना? माझ्या तीनशे आहेत. त्यातली एकही आईने तपासली नव्हती."

सहा वर्षांत त्याने केलेला हा पहिला विनोद. मी वर्गात शिरताना गात होते. पोरं घाबरली, त्यांना वाटलं अचानक परीक्षा आहे.

बुधवार, ३ डिसेंबर

बदल दोन ओळींचा. "राखणदार: ओल्फा शाबूनी." त्याखाली "तपासनीस: फेर्जानी गरगूरी." दुसऱ्या ओळीला काकांचा होकार लागतो, म्हणून फोन केला.

"मी करायचं काय असतं त्यात?" मागे घाणा घरघरत होता.

"माझे बदल तपासायचे. आवडला नाही की नाही म्हणायचं."

"तुम्हाला?"

"मलाच."

"तोंडावर?"

"सगळ्या जगासमोर."

  काका म्हणाले, "पोरी, मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. माझ्या बायकोला विचार. तिचे तीन भाऊ आमच्याकडेच राहतात."

"म्हणूनच सांगतेय, काका. तुम्ही परत गप्प बसलात तर फुल्या जगभर पडतील."

"सवय नाही गं."

"सवय हे कारण नव्हे," मी म्हटलं आणि जीभ चावली. पण ते हसत होते. होकार दिला त्यांनी.

शनिवारपर्यंत मी "बाई" होते, आज "पोरी". घाण्याच्या आवाजात त्यांच्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

नावं फाईलमध्ये गेली. दोन्ही. आई म्हणते छापून भिंतीवर लाव, चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या अक्षरांत.

राखणदार म्हणून माझा पहिला बदल रविवारी पाठवला होता. ड्रायव्हरची साफसफाई. एकच तपासणी दोनदा होते, म्हणून दुसरी काढून टाकली. सुबक, छोटा, माझ्या मते निर्दोष.

सोमवारी दिवसभर काकांचं उत्तर नाही. म्हटलं, झालं, बसले संकोचत. संध्याकाळपर्यंत मी आशा सोडली होती. उद्या "फार छान, बाई, आभार" येणार, आणि आपण जिथे होतो तिथेच.

आज सकाळी मेल आली. सगळ्या ग्रुपवर, वेइक्कोसकट जगाने वाचावी अशी:

"नाही. ४१वी ओळ काढू नका. दुसरी तपासणी वीज मध्येच गेली तर लागते. फेर्जानी."

मी परत परत वाचलं. मग बोर्डावर करून पाहिलं. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे! आभार नाहीत, "आपण म्हणता तर" नाही, पहिलाच शब्द "नाही"! मी ओरडत स्वयंपाकघरात गेले, "आई! काका मला नाही म्हणाले! सगळ्यांसमोर!"

"अगं बाई," आई पिठाचे हात वर धरून म्हणाली. "मग नाचतेस काय अशी?"

मी तिला कमरेला धरलं आणि उचललं. या वेळी जमलं.